सहाच्या जागी आठ

शेवरोलेच्या 1970 सालच्या सी-10 पिकअपचं बॉनेट उघडलं की आधी नजरेत भरते ती आतली मोकळी जागा. एका ओळीत सहा सिलिंडर असलेलं लांबट, सडपातळ इंजिन मधोमध बसलेलं, आणि त्याच्या दोन्ही अंगांना इतकी ऐसपैस जागा की माणूस फेंडरवर बसून, पाय आत सोडून काम करू शकेल. अमेरिकेत अशा जुन्या पिकअप जिवापाड जपणारे लोक गावोगावी आहेत. त्यांच्यातले बरेच जण एक दिवस ते सहा सिलिंडरचं इंजिन चेनब्लॉकने उचलून बाहेर काढतात आणि तिथे आठ सिलिंडरचं मोठं इंजिन बसवतात. 4.1 लिटर जातं, 5.3 लिटर येतं.

मोठं, पण कशात मोठं? जुन्या इंजिनाच्या एका सिलिंडरचा व्यास 98.4 मिलिमीटर आणि पिस्टनची वर-खाली धाव 89.7 मिलिमीटर. नव्याचा व्यास 96 आणि धाव 92. गुणाकार करून पाहा: जुन्याचा एक सिलिंडर सुमारे 682 घन सेंटिमीटरचा, नव्याचा 666 चा. म्हणजे या ‘मोठ्या’ इंजिनाचा प्रत्येक सिलिंडर ‘लहान’ इंजिनाच्या सिलिंडरपेक्षा थोडा छोटाच आहे! दोन सिलिंडर जास्त आहेत, हे खरं. पण दोन जास्त सिलिंडरांनी ताकद फार तर सव्वापट-दीडपट व्हावी. प्रत्यक्षात काय होतं? 1972 साली, पंखा, अल्टरनेटर, सायलेन्सर असं सगळं जोडून मोजल्यावर, या सहा सिलिंडरच्या इंजिनाची ताकद 110 अश्वशक्ती भरली. 5.3 लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन, सालाप्रमाणे थोडा फरक धरून, 270 ते 295 अश्वशक्ती देतं. सुमारे अडीच पट. ही जास्तीची ताकद आली कुठून?

हवेतून. पेट्रोल इंजिन म्हणजे मुळात हवा ओढणारा पंप. एक किलो पेट्रोल नीट जाळायचं तर साधारण 14.7 किलो हवा लागते. पेट्रोल हवं तेवढं ओतता येतं, हवा मात्र सिलिंडरला स्वतः ओढून घ्यावी लागते, तीही सेकंदाच्या शंभराव्या भागात. जुन्या इंजिनाच्या हेडमध्ये सहा सिलिंडरांना हवा आत घ्यायच्या वाटा तीनच. दोन-दोन शेजाऱ्यांनी एकेक वाट वाटून घ्यायची. इंजिन सावकाश फिरतंय तोवर कुणाची तक्रार नसते. वेग वाढला की दोघं शेजारी एकाच हवेवर ओढाताण करू लागतात आणि दोघंही अर्धपोटी राहतात. त्यामुळे जुन्या इंजिनाची पूर्ण ताकद मिनिटाला 4200 फेऱ्यांच्या आसपास संपते. नव्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला स्वतःची, उंच आणि अरुंद, वरून कमानदार अशी वाट आहे. ते 5000 फेऱ्यांच्या पुढेही भरभरून श्वास घेतं. 5000 फेऱ्यांना 5.3 लिटरच्या इंजिनाला मिनिटाला 13,250 लिटर हवा लागते. छोट्या खोलीतली सगळी हवा अडीच-तीन मिनिटांत फस्त!

आता हे इंजिन येतं कुठून, तेही पाहू. बहुतेक वेळा भंगारातून. 1999 सालापासून शेवरोलेची मालक कंपनी जनरल मोटर्सने आपल्या सिल्व्हरॅडो, सिएरा, टाहो, सबर्बन, युकॉन अशा गाड्यांमध्ये ही इंजिनं बसवली. एलएम7 हे त्यांतल्या सर्वांत नेहमीच्या 5.3 लिटर प्रकाराचं नाव; ते 2007 पर्यंत बनलं. ब्लॉक ओतीव लोखंडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. अपघातात चेपलेल्या गाड्यांमधून ती धडधाकट इंजिनं भंगारवाल्याच्या आवारात येऊन पडतात. ब्लॉकच्या अंगावर ठळक ओतलेली अक्षरं असतात: ‘4.8/5.3’. ब्लॉक दोघांनाही तोच; फरक क्रँकच्या धावेचा, 83 मिलिमीटर की 92. मग आतलं इंजिन नक्की कोणतं? गाडीच्या ओळख क्रमांकातलं आठवं अक्षर बघायचं. ‘टी’ असेल तर एलएम7.

आणि आता मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट. हे इंजिन जुन्या गाडीत जवळजवळ घरच्यासारखं बसतं, याचं कारण त्या गाडीच्याही आधीचं आहे. 1955 साली शेवरोलेने एड कोल या मुख्य अभियंत्याच्या नेतृत्वाखाली 265 घन इंचांचं एक आटोपशीर व्ही-8 इंजिन आणलं. आठ सिलिंडर, चार-चारच्या दोन रांगा, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या उघडलेल्या. त्यात एका सिलिंडरच्या मध्यापासून शेजारच्या सिलिंडरच्या मध्यापर्यंतचं अंतर होतं 4.4 इंच. पुढे इंजिनाची क्षमता वाढत गेली, 283 झाली, 327 झाली, 350 झाली, अंतर तेच. 1997 साली कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारमध्ये कोऱ्या कागदावर आखलेली एलएस नावाची नवी पिढी आली; आपलं 5.3 लिटरचं इंजिन याच पिढीतलं. ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्युटर गेला, जुन्या पिढीचे जवळपास कुठलेच सुटे भाग तिला चालत नाहीत. तरी सिलिंडरांमधलं अंतर 4.4 इंचच राहिलं. त्यामुळे इंजिनाची लांबी हाताबाहेर गेली नाही आणि ते पुन्हा त्याच मापाच्या जागेत मावलं. 2011 च्या नोव्हेंबरात कंपनीने या घराण्यातलं दहा कोटीवं इंजिन बनवलं.

पण गाठ खरी पडते ती मागच्या टोकाला. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे एकमेकांना चिकटतात तिथे घंटेच्या आकाराचं आवरण असतं, बेल हाउसिंग. त्याच्या कडेने बोल्टची भोकं आणि दोन डॉवेल पिना, म्हणजे बोटाएवढ्या लोखंडी खुंट्या. बोल्ट फक्त धरून ठेवतात. इंजिनाचा अक्ष आणि गिअरबॉक्सचा अक्ष एका रेषेत आणायचं काम या दोन खुंट्यांचं. त्यात केसभर फरक पडला तरी गिअरबॉक्सचा पुढचा बेअरिंग कुरकुरायला लागतो. शेवरोलेने 1955 साली ठरवलेली भोकांची ही मांडणी पुढे त्यांच्या सहा सिलिंडरच्या इंजिनांनाही दिली, आणि एलएस इंजिनांमध्येही ती जवळजवळ तशीच ठेवली. एक भोक गळालं, बाकीची जागच्या जागी. म्हणून 1970 चं सहा सिलिंडरचं इंजिन ज्या खुंट्यांवरून निघतं त्याच मांडणीवर तीस वर्षांनी बनलेलं इंजिन सरकत येतं आणि टक् आवाज करून बसतं. फक्त नव्या क्रँकचं मागचं तोंड सुमारे 0.4 इंच, म्हणजे दहा मिलिमीटर, आत असतं. जुना गिअरबॉक्सच ठेवायचा असेल तर तेवढ्या जाडीची चकती घालावी लागते. ज्यांनी पन्नास वर्षं ही मापं मोडू दिली नाहीत त्या ड्रॉइंग बोर्डवरच्या माणसांचं मला फार अप्रूप वाटतं. नवं काही करून दाखवायचा मोह प्रत्येक पिढीला झाला असणारच.

असं घराण्याचं माप मिळालं नाही की काय करावं लागतं, ते महाराष्ट्रातल्या जुन्या मेकॅनिकांना विचारावं. पेट्रोल पिणाऱ्या जुन्या जीपमध्ये त्यांनी डिझेल इंजिनं बसवली. इंजिन एका घराण्याचं, गिअरबॉक्स दुसऱ्या, एकाचंही भोक दुसऱ्याशी जुळत नाही. मग दोघांच्या मध्ये जाड पोलादी पत्रा, त्यावर एका बाजूने याची भोकं, दुसऱ्या बाजूने त्याची, आणि मध्य अचूक साधण्यासाठी लेथवर घालवलेले तास. तो पत्रा कापणारा माणूस दोन कारखान्यांच्या ड्रॉइंग ऑफिसांमधला तह स्वतःच्या हातांनी करत असतो.

सी-10 कडे परत येऊ. जे जुळत नाही तेही कमी नाही. ब्लॉकच्या बाजूची माउंटिंगची भोकं पूर्वी तीन होती, आता चार. मध्ये प्लेट टाकावी लागते. नव्या इंजिनाचं ऑइलचं चेंबर खोल, ते पुढच्या आडव्या तुळईवर टेकतं. म्हणून लोक कॅमॅरोचं किंवा हमर एच-3 चं उथळ चेंबर आणून लावतात. स्टिअरिंगच्या दांड्याला एक्झॉस्ट घासतो. हे सगळं पाने, ग्राइंडर आणि वेल्डिंगचं काम आहे. दिसतं, मोजता येतं, सुटतं.

पेट्रोलचा मामला वेगळा. या पिढीच्या सी-10 मध्ये पेट्रोलची टाकी कुठे असते माहीत आहे? केबिनच्या आत, सीटच्या पाठीमागे! ड्रायव्हरच्या पाठीला सीट, सीटच्या पाठीला पेट्रोल. बरेच जण याच निमित्ताने ती टाकी तिथून काढून मागच्या हौद्याखाली, चासीच्या दोन दांड्यांमध्ये नेतात, आणि माझ्या मते अख्ख्या कामातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय तोच. जुन्या कार्बोरेटरला पेट्रोल हवं असतं चौरस इंचाला पाच-सात पौंड दाबाने; इंजिनाच्या अंगावरचा छोटा यांत्रिक पंप ते काम आरामात करायचा. कार्बोरेटरमध्ये हवाच पेट्रोलला ओढून घेते. नव्या इंजिनात इंजेक्टर पेट्रोलचा फवारा मारतो, आणि त्याला लागतो 58 पौंड दाब, जवळपास दहा पट. त्यासाठी टाकीच्या आत विजेचा पंप बसवायचा, जुन्या नळ्या टाकून तो दाब सोसणाऱ्या नळ्या ओढायच्या, आणि दाब 58 वरच राहावा म्हणून रेग्युलेटर लावायचा. कॉर्व्हेटच्या एका फिल्टरमध्येच हा रेग्युलेटर कारखान्यातून बसवलेला येतो. तो डबीएवढा फिल्टर या कामात कितीतरी जणांनी वापरला आहे.

इथवर लोखंड आणि नळ्या झाल्या. खरी उडी यापुढे आहे. 1970 ची ही पिकअप स्वतःबद्दल जवळपास काहीच मोजत नाही. पाण्याचं तापमान, ऑइलचा दाब आणि टाकीतलं पेट्रोल एवढं ती ड्रायव्हरला दाखवते. इंजिनाला स्वतःला त्यातलं काहीच कळत नाही. ठिणगी केव्हा पडायची ते डिस्ट्रिब्युटर ठरवतो. आपल्याकडचे जुने मेकॅनिक त्याला डेल्को म्हणायचे. त्यातली वजनं, स्प्रिंगा आणि पॉइंट यांच्यावर सगळा कारभार चालतो. नवं इंजिन मात्र मोजल्याशिवाय एक फेरीही फिरू शकत नाही.

क्रँकच्या मागच्या टोकाला, ब्लॉकच्या आत, 24 खाचांचं एक चाक असतं. काही खाचा रुंद, काही अरुंद. त्याच्यासमोर, स्टार्टरजवळ, एक चुंबकीय सेन्सर टक लावून बसलेला. रुंद-अरुंदचा क्रम वाचून इंजिनाच्या संगणकाला कळतं की क्रँक या क्षणी कुठे आहे. 5000 फेऱ्यांना सेकंदाला दोन हजार खाचा त्याच्यासमोरून जातात. दोन ठिणग्यांमधलं अंतर तेव्हा तीन सहस्रांश सेकंद. आठ सिलिंडरांना आठ स्वतंत्र कॉइल, आणि त्यांतली नेमकी कोणती केव्हा पेटवायची हा निर्णय त्या तीन सहस्रांशांच्या आत.

मग ऑक्सिजन सेन्सर. झिर्कोनियाच्या चिनीमातीचं एक छोटं टोक एक्झॉस्टच्या पाइपात खुपसलेलं असतं. सुमारे तीनशे अंशांच्या वर तापलं की हे टोक चक्क वीज निर्माण करतं. आतल्या धुरात आणि बाहेरच्या हवेत ऑक्सिजन किती कमी-जास्त आहे, त्यावर. धुरात ऑक्सिजन उरला असेल तर व्होल्टेज शून्याजवळ, पेट्रोल जास्त झालं असेल तर 0.9 च्या आसपास. मधला झोका 0.45 ला. संगणक तो झोका पाहत पेट्रोल किंचित वाढवतो, किंचित कमी करतो, पुन्हा वाढवतो. गाडी चालू आहे तोवर हे थांबत नाही.

मला सर्वांत आवडतात ते नॉक सेन्सर. दोन रांगांच्या मधल्या दरीत, इनटेकच्या खाली, दोन सेन्सर ब्लॉकला घट्ट आवळलेले असतात. आत दाबविद्युत स्फटिक. पेट्रोल हलकं मिळालं, इंजिन तापलं, तर सिलिंडरमधलं मिश्रण ठिणगीच्या आगीची वाट न पाहता एकदम भडकतं आणि ब्लॉक खणखणतो, सेकंदाला सुमारे सहा हजार कंपनांनी. व्हॉल्व्हचा खडखडाट, पिस्टनचा धडधडाट, रस्त्याचे हादरे या सगळ्या गोंगाटात हे स्फटिक तो एकच सूर ओळखतात, आणि संगणक ताबडतोब ठिणगी थोडी उशिरा टाकतो. माणसाच्या कानाला तो आवाज येईपर्यंत उपाय झालेलाही असतो.

हे सगळं जुन्या गाडीत आणायचं म्हणजे वायरिंगचा भलामोठा जुडगा आणायचा. मूळ गाडीत त्या जुडग्याच्या फांद्या एसीकडे, डॅशबोर्डकडे, आणखी कुठेकुठे गेलेल्या असतात. टेबलावर तो पसरून, टेप सोडवून, एकेक तार तिच्या पिनपर्यंत शोधत जायचं आणि नको ती काढून टाकायची. पुष्कळांना ही पायरी नकोशी वाटते. मला ती विलक्षण सुंदर वाटते. कारण शेवटी गाडीला जोडायला उरतात त्या मोजक्याच तारा: बॅटरीचा कायमचा करंट, चावी फिरवल्यावरचा करंट, अर्थिंग, पंपाचा रिले, आणि बिघाड सांगणारा एक दिवा. आणि संगणकातलं चोरीविरोधी कुलूप सॉफ्टवेअरमधून काढावं लागतं. नाहीतर आपण चोरीला गेलो आहोत असं समजून तो पेट्रोलच सोडत नाही!

दोन बारीक गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. हेडच्या वरच्या कोपऱ्यांतून एक पेन्सिलीएवढी नळी रेडिएटरच्या वरच्या भागाकडे जाते. हेडमध्ये पाण्याची वाफ होऊन बुडबुडा अडकला तर तिथला धातू कोरडा पडून जळतो. ही नळी तो बुडबुडा काढून घेते. घाईत कुणी ती बंद केली तर इंजिन तापतं, आणि गेजवर ते उशिरा दिसतं. दुसरी गोष्ट ठिणग्यांच्या क्रमाची. 1955 च्या इंजिनात क्रम होता 1-8-4-3-6-5-7-2. एलएसमध्ये तो 1-8-7-2-6-5-4-3 केला: चार आणि सात यांची, तीन आणि दोन यांची अदलाबदल. तेवढ्याने क्रँकवर पडणारे घाव जास्त समान वाटले जातात. बाहेरून ओळखूही येऊ नये इतका हा बदल बारीक आहे.

ताकद वाढली की तिच्या वाटेवरचं प्रत्येक सांधा तपासावा लागतो. चार गिअरचा 4एल60ई ऑटोमॅटिक गिअरबॉक्स लावला तर त्याचा चौथा गिअर 0.70 चा असतो. मागचा डिफरन्शियल 3.73 चा आणि टायर 28 इंची धरले, तर ताशी 112 किलोमीटरला थेट गिअरमध्ये इंजिन मिनिटाला सुमारे 3120 फेऱ्या मारतं; चौथ्यात 2200 च्या आसपास. मोठं इंजिन घालूनही हायवेवर गाडी जास्त शांत चालते, ती यामुळे. प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलते, आणि त्याच्या दोन्ही टोकांच्या क्रॉसचे कोन सारखे आणि उलट राखावे लागतात. एक अंश चुकला तरी विशिष्ट वेगाला सीट थरथरते. आणि ब्रेक! 1970 च्या सी-10 ला चारही चाकांना ड्रम. पुढच्या डिस्क 1971 पासून आल्या. वेग दीडपट झाला की थांबवायची ऊर्जा सव्वादोनपट होते. ज्याच्याकडे इंजिनासाठी पैसे आहेत आणि डिस्कसाठी नाहीत, त्याने इंजिन कोपऱ्यात झाकून ठेवावं आणि आधी डिस्क घ्याव्यात, असं मी स्पष्ट सांगेन.

कायद्याचं थोडक्यात. कॅलिफोर्नियात 1975 आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना ठराविक मुदतीच्या धूरतपासणीतून सूट आहे, म्हणून ही पिढी तिथे विशेष लाडकी. आपल्याकडे इंजिन क्रमांक आरसीवर नोंदलेला असतो आणि 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ नोंदीशी विसंगत बदलांना मनाई करतं. आरटीओला न विचारता इथे हे करू नये.

बाहेर काढलेल्या त्या सहा सिलिंडरच्या इंजिनाचं मात्र पुढे काहीतरी झालं. हेच 4.1 लिटरचं इंजिन ब्राझीलमध्ये शेवरोलेने ओपाला या गाडीत 1992 पर्यंत बसवलं. आणि 1990 च्या दशकात तिथल्या ओमेगा सेडानसाठी त्याला कार्बोरेटरऐवजी प्रत्येक सिलिंडरला इंजेक्टर दिले, संगणक दिला, श्वास घ्यायच्या वाटा सुधारल्या. सिलिंडर सहाच, क्षमता तीच 4.1 लिटर. ताकद 168 अश्वशक्ती.